शोध लागला की लावला?

मराठी भाषेत 'शोध' हा एकच शब्द दोन भिन्न कर्मांना पुरतो. मात्र क्रियापदाच्या योजनेत भाषेने एक सूक्ष्म भेद राखून ठेवला आहे. शोध 'लागतो' आणि शोध 'लावला' जातो. जे होतेच, पण दृष्टीआड होते, ते डोळ्यांपुढे आले म्हणजे शोध लागला. जे नव्हते, ते कुणा मनुष्याच्या बुद्धीने आणि हातांनी अस्तित्वात आले म्हणजे त्याने शोध लावला. नित्याच्या बोलण्यात हा भेद आपण फारसा पाळीत नाही. गुरुत्वाकर्षणाचाही 'शोध लावला' असेच म्हणतो आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. परंतु कायद्याच्या प्रांतात एक स्थान असे आहे की, जेथे या दोन क्रियापदांमधील अंतरावर पुष्कळांचे श्रम, मोठ्या रकमांची मालकी आणि सर्व समाजाचा हक्क तोलला जातो. ते स्थान म्हणजे पेटंट परीक्षकाचे मेज.

वकिलाला कायद्याची कलमे नित्य चाळावी लागतात. पण कलमाच्या तळाशी असलेला नीतीचा प्रश्न क्वचितच वर येतो. पेटंटच्या कायद्यात तो वारंवार वर येतो, आणि मिश्रधातूंच्या प्रकरणांत तर तो अगदी स्वच्छ दिसतो. यंत्राची गोष्ट निराळी. यंत्रात चाके, दांडे, पट्टे यांची नवी जुळणी डोळ्यांना दिसते आणि ती कुणीतरी केली आहे याविषयी शंका राहत नाही. मिश्रधातूत मात्र मूलद्रव्ये सगळी निसर्गाची, त्यांचे स्वभाव निसर्गाचे, भट्टीची विद्या शतकानुशतकांची. मग त्यात मनुष्याचे काय? केवळ प्रमाण. हे इतके, ते तितके. अशा चार आकड्यांवर मालकी सांगणे न्याय्य आहे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

न गंजणाऱ्या निकेल-मिश्रधातूचे उदाहरण घेऊ. धातूला काय रोग जडतो, हे समुद्रकाठच्या माणसाला सांगावयास नको. पावसाळ्यात दारांच्या बिजागऱ्या तांबड्या होतात. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात आमसुलाचे सार किंवा ताक ठेवले तर ते कळकते. रासायनिक कारखान्यांत हाच प्रकार कितीतरी पटींनी उग्र रूपात घडत असतो. उकळती आम्ले, उष्ण खारे पाणी, क्लोरिनयुक्त द्रव यांच्यापुढे लोखंडाचा निभाव लागत नाही. साधे स्टेनलेस पोलादही अशा खाऱ्या उष्ण द्रवात ठिकठिकाणी खड्डे पडून निकामी होऊ शकते. निकेलमध्ये क्रोमियम मिसळले म्हणजे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर धरतो आणि तोच धातूचे कवच होतो. मॉलिब्डेनम मिसळले म्हणजे, जी आम्ले हा थर टिकू देत नाहीत त्यांच्यापुढेही धातू तग धरतो आणि खड्डे पडण्यालाही आळा बसतो. हॅस्टेलॉय सी-२७६ या नावाने प्रसिद्ध असलेल्या मिश्रधातूत सुमारे १५ ते १७ टक्के मॉलिब्डेनम, १४.५ ते १६.५ टक्के क्रोमियम, ३ ते ४.५ टक्के टंगस्टन, थोडे लोखंड आणि उरलेले बहुतांशी निकेल असते.

अशा धातूसाठी पेटंटचा अर्ज होतो तेव्हा त्यात शोधाचे सविस्तर वर्णन असते आणि अखेरीस 'दावे' असतात. दावा हा खरेदीखतातील चतुःसीमेसारखा असतो. खतात पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे कुळागर असे लिहितात. येथे क्रोमियम इतक्या टक्क्यांपासून इतक्या टक्क्यांपर्यंत, मॉलिब्डेनम इतके ते इतके, असे लिहितात. त्या सीमेच्या आत परवानगीवाचून पाऊल टाकणारा अतिक्रमण करणारा ठरतो. कुंपण होईल तितके दूर घालावे ही अर्जदाराची स्वाभाविक इच्छा; ते कुंपण गावाच्या सामायिक जमिनीवर पडत नाही ना, हे पाहणे परीक्षकाचे काम.

परीक्षकाचा पहिला प्रश्न असा की, हे नुसते मिश्रण आहे की खरोखर नवा पदार्थ? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात, घटकद्रव्यांच्या गुणांची केवळ बेरीज होईल असे मिश्रण म्हणजे शोध नव्हे, असे सांगितले आहे. देवळात जाणाऱ्या वाचकांना हा नियम समजावयास दोन उदाहरणे पुरेत. पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर एकत्र येतात. प्रत्येकाची चव आपापल्या जागी राहते. त्याचे माहात्म्य थोर, पण कायद्याच्या दृष्टीने ती बेरीज होय. गर्भगृहासमोरची घंटा पाहा. तांबे मऊ, कथील त्याहून मऊ; दोहोंपैकी एकालाही धड नाद नाही. परंतु तांब्याच्या सुमारे चार भागांत कथलाचा एक भाग मिसळला की जे कांसे होते ते कठीण असते, ठिसूळ असते आणि त्याचा नाद गावाच्या वेशीपर्यंत जातो. हा नाद तांब्यात नव्हता, कथलातही नव्हता. येथे बेरीज झाली नाही, जन्म झाला.

परंतु येथेच एक जुना दार्शनिक वाद उभा राहतो. तो नाद खरोखरच नव्हता काय? सांख्यांचा सत्कार्यवाद म्हणेल की, कार्य कारणात आधीपासूनच असते. तिळात तेल असते म्हणूनच ते निघते, वाळूतून निघत नाही. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांच्या ठिकाणी न गंजण्याची शक्ती सुप्त होतीच. मनुष्याने ती केवळ व्यक्त केली. नैयायिक आणि वैशेषिक याच्या उलट म्हणतील की, उत्पत्तीपूर्वी कार्य नव्हतेच. घट हा मातीहून वेगळा, नव्याने आरंभ झालेला पदार्थ आहे. पहिल्या पक्षाचा आग्रह शेवटपर्यंत नेला तर जगात कोणताच शोध 'लावलेला' नसतो, सगळे 'लागलेले' असतात, आणि पेटंटला जागाच उरत नाही. दुसऱ्या पक्षाचा आग्रह शेवटपर्यंत नेला तर निसर्गाचे ऋण पुसले जाते आणि कर्त्याचा अहंकार तेवढा उरतो. कायदा या दोन टोकांमधून वाट काढतो. तो अर्जदाराला विचारतो, 'वस्तूत काय होते, हे राहू द्या. तुम्ही आलात तेव्हा लोकांच्या हाती काय होते आणि तुम्ही त्यात काय घातले, ते सांगा.'

ही वाट सोपी नाही, हे मोनेल धातूच्या इतिहासावरून दिसते. कॅनडात सडबरी येथील खनिजात निकेल आणि तांबे एकत्र सापडतात. ते एकमेकांपासून सोडवणे हे खर्चाचे आणि कष्टाचे काम. त्याऐवजी ते न सोडवता तसेच ठेवून, निकेल सुमारे दोन भाग आणि तांबे एक भाग असा खाऱ्या पाण्यात टिकणारा धातू तयार करण्यात आला आणि १९०६ साली अँब्रोज मोनेल यांच्या नावे अमेरिकेत त्याबद्दल पेटंट मिळाले. प्रमाण बहुतांशी खाणीने ठरवून दिलेले. मनुष्याने केले ते इतकेच की, वेगळे करण्याचा हट्ट सोडला. यावर कोणी म्हणेल की, न करण्याचे श्रेय कसले? पण सर्व जग जे सोडवू पाहत आहे ते न सोडवण्यातच लाभ आहे, हे ओळखणे आणि त्याची रीत बसवणे हेही बुद्धीचे कर्म आहे. ते कर्म त्याचे. खाण त्याची नव्हे.

आता ज्या खटल्यात या प्रश्नाचे मर्म उघडे पडले, त्याकडे वळू. अमेरिकेतील टायटेनियम मेटल्स या कंपनीच्या दोन संशोधकांनी टायटेनियममध्ये ०.६ ते ०.९ टक्के निकेल आणि ०.२ ते ०.४ टक्के मॉलिब्डेनम घातले असता तो धातू उष्ण खाऱ्या द्रवात उत्तम टिकतो असे दाखवून पेटंट मागितले. परीक्षकाने नकार दिला. कारण काय? १९७० साली दोन रशियन शास्त्रज्ञांनी लिहिलेला एक लेख. त्यात काही आलेख होते आणि त्यांपैकी एका आलेखावर ०.७५ टक्के निकेल व ०.२५ टक्के मॉलिब्डेनम असलेल्या मिश्रधातूचा एक बिंदू होता. त्या लेखात गंजाविषयी चकार शब्द नव्हता. पहिल्या न्यायालयाने संशोधकांची बाजू उचलून धरली. परंतु १९८५ साली अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्यायमूर्ती जाइल्स रिच यांच्या निकालपत्राचा आशय असा की, दावा धातूवर आहे, त्याच्या गुणावर नव्हे. आणि तो धातू पूर्वी ज्ञात होता. त्याच्या अंगी कोणता गुण आहे हे पूर्वी कोणास ठाऊक नव्हते, एवढ्याने धातू नवा होत नाही. एका दाव्यात ०.८ टक्के निकेल आणि ०.३ टक्के मॉलिब्डेनम असे नेमके प्रमाण होते. तेही टिकले नाही; कारण आधीच्या दोन ज्ञात धातूंच्या मध्ये ते इतके चिकटून होते की, जाणकाराने त्यापासून तशाच गुणांची अपेक्षा धरली असती.

एका बिंदूने वर्षांचे श्रम पुसले! प्रथमदर्शनी हा निकाल निष्ठुर वाटतो. ज्यांनी आलेख काढला त्यांना त्या धातूचे खरे मोल कळले नाही. ज्यांना कळले त्यांना काही मिळाले नाही. पण थोडे थांबून विचार करावा. रानात एक झाड आहे. त्याची साल ज्वरावर चालते हे एका वैद्याने ओळखले. त्याने ओळखले म्हणून झाड त्याचे झाले काय? त्या झाडाखाली आजवर जो गुराखी बसत आला, जो त्याची लाकडे वेचीत आला, त्याला हाकलण्याचा अधिकार वैद्याला मिळावा काय? धातूवरचे पेटंट म्हणजे नेमका हाच अधिकार होय. १९७० चा लेख वाचून एखाद्या कारागिराने तो धातू बनवावयास घेतला असता, तर त्याचा हात थांबवण्याची सत्ता नंतर आलेल्या अर्जदाराला मिळाली असती. गुण हा गुणीच्या आश्रयाने राहतो. गुण ओळखला म्हणून गुणी आपल्या मालकीचा होत नाही. न्यायालयाचा निकाल मला म्हणूनच योग्य वाटतो.

तथापि वैद्याचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याने समाजावर उपकार केला हे तर खरे. अमेरिकेच्या कायद्यात त्याला ज्ञात वस्तू वापरण्याच्या नव्या रीतीवर दावा करता येतो; झाड नव्हे, पण सालीच्या काढ्याची रीत मागता येते. आपल्या कायद्याने मात्र ज्ञात पदार्थाचा नवा गुण किंवा नवा उपयोग केवळ शोधून काढणे हे पेटंटला पात्र नाही, असे ठरवले आहे. या ठिकाणी आपला कायदा काहीसा कठोर आहे, असे मला वाटते. त्या कठोरपणाला कारण आहे: जुन्याच वस्तूवर नवनवे उपयोग सांगून मालकी लांबवण्याची युक्ती कोणास अपरिचित नाही. परंतु ज्याला काहीच मिळणार नाही तो आपले ज्ञान गुप्त ठेवील, ही भीतीही खोटी नाही. म्हणून जेथे कायदा नकार देतो तेथे समाजाने अन्य मार्गाने कृतज्ञता व्यक्त केली पाहिजे. मालकी आणि मान या दोन वेगळ्या दक्षिणा आहेत. पहिली नाकारताना दुसरीही नाकारली, तर तो न्याय अपुरा राहील.

परीक्षकाची दुसरी कसोटी अधिक नाजूक आहे. वस्तू नवी आहे हे पुरेसे नाही. त्या विषयातील जाणकार कारागिराला ती सहज सुचली नसती, असेही असावे लागते. मिर्झापूरच्या भांड्यांचा खटला या बाबतीत आपल्याकडे प्रमाण मानला जातो. पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर धरून घडवण्याच्या एका साधनावर पेटंट देण्यात आले होते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा अंशही नसतो. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण, म्हणजे आपल्या विषयाचे आप्तच. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ते पेटंट रद्द ठरवले. जुन्या साधनात कारखान्यातला कुशल माणूस रोजच्या कामाच्या ओघात जी सुधारणा करील, तिला शोध म्हणता येत नाही, हे त्या निकालाचे सूत्र. कारागिराच्या रोजच्या शहाणपणावर कोणी कुंपण घालू नये, हा त्यामागचा न्याय आहे.

परंतु 'सहज सुचले असते' हे वाक्य नंतर बोलणे फार सोपे असते. सी-२७६ चेच पाहा. १९३० च्या दशकात निघालेल्या त्याच्या पूर्वजाला वेल्डिंग केले की सांध्याच्या लगतचा भाग गंजू लागे, म्हणून वेल्डिंगनंतर पुन्हा उष्णोपचार करावा लागे. कारण असे की, वेल्डिंगच्या उष्णतेने कार्बन हा मॉलिब्डेनम आणि क्रोमियम यांना आपल्याकडे ओढून घेई आणि आसपासचा धातू दुबळा होई. १९६० च्या दशकात कार्बन आणि सिलिकॉन अत्यल्प राखून ही खोड काढण्यात आली. आज हे ऐकणारा विद्यार्थी म्हणेल, 'कार्बनने बिघडत होते तर कार्बन कमी केला, यात विशेष ते काय?' उत्तर पाहून गणित सोडवणाऱ्यालाही गणित असेच सोपे वाटते. परीक्षकाला उत्तर हातात असताना, उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाच्या मनात शिरावे लागते. ही एक प्रकारची साधना आहे. आपल्याला कळलेले क्षणभर बाजूस ठेवून दुसऱ्याच्या अज्ञानाला न्याय देणे हे विद्वानालाही जड जाते.

न्यायालयात दोन पक्ष असतात; परीक्षकासमोर बहुधा एकच असतो. अर्जदार आपल्या वकिलासह उपस्थित असतो, आणि ज्याच्या हक्कातून तुकडा कापून द्यावयाचा तो समाज तेथे नसतो. गंज सोसणाऱ्या नळाशी काम करणारा कामगार, लहान भट्टीचा मालक, उद्या जन्मणारा विद्यार्थी, यांच्यापैकी कोणीही तेथे बोलावयास येत नाही. त्यांच्या वतीने परीक्षकाने बोलावयाचे असते. म्हणून त्याने जुने ग्रंथ, जुनी पेटंटे, परभाषेतील नियतकालिके धुंडाळावयाची; तो रशियन बिंदू शोधून काढावयाचा. तसेच त्याने अर्जदाराचा द्वेषही करावयाचा नसतो. नकार देताना कारण लिहून द्यावे, म्हणणे ऐकून घ्यावे, आणि कुंपण थोडे आत घेतल्याने दावा टिकत असेल तर तशी संधी द्यावी, हे त्याचे कर्तव्य. आपल्या कायद्याने पेटंट देण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेण्याची मुभा ठेवली आहे, ही मला फार अर्थपूर्ण तरतूद वाटते. सामायिक मालमत्तेच्या व्यवहारात गावातील लहानात लहान माणसालाही 'थांबा' म्हणता यावे, ही आपल्याकडची जुनी समज आहे.

मालकीची दुसरी बाजू म्हणजे प्रकटीकरण. अर्जदाराने आपला शोध पूर्णपणे, आणि स्वतःस ठाऊक असलेल्या सर्वोत्तम रीतीसह उघड केला पाहिजे, असे कायदा सांगतो. अर्जाच्या दिवसापासून २० वर्षे लोटली की ते ज्ञान सर्वांचे. या अटीचे मोल कळावयास राजस्थानातील जावरकडे पाहावे. जस्त तापवले की त्याची वाफ होऊन निसटते; ती वाफ खालच्या बाजूने थंड करून धरण्याची विद्या तेथील कारागिरांनी कित्येक शतके मोठ्या प्रमाणावर चालवली. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात जस्त काढण्याचे वर्णनही आहे. तरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या भट्ट्या थंडावल्या आणि हातांची विद्या हातांबरोबर गेली. इकडे १७३८ साली ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन यांनी वाफ खाली नेण्याच्या तशाच पद्धतीवर इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. जावरच्या भट्ट्यांची रचना नीट उमगावयास १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाला ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांच्यासह उत्खनन करावे लागले. आपलीच विद्या आपल्याला जमिनीतून उकरून काढावी लागली! जे सांगितले जात नाही ते राहत नाही, हा त्याचा धडा.

आपल्या शास्त्रांनी मनुष्यावर तीन ऋणे सांगितली. त्यांतील ऋषिऋण हे ज्ञानाचे ऋण होय आणि ते अध्ययनाने फेडावयाचे असते. कोणताही संशोधक भट्टीपाशी येतो तो हे ऋण शिरावर घेऊनच. निकेल कोणी वेगळे केले, आम्लाचा परिणाम कोणी मोजला, तराजू कोणी सूक्ष्म केला, या सर्वांचा तो ऋणी असतो. त्याने घातलेली भर खरी, पण ती त्या ऋणाच्या राशीवर ठेवलेली भर आहे. म्हणून मालकी मिळावी ती भरीपुरती, मुदतीपुरती आणि सांगण्याच्या अटीवर. या तीन मर्यादा पाळल्या तर पेटंट हा न्याय्य करार होतो. एक मोडली तरी तो निव्वळ बळकाव ठरतो.

देवस्थानाच्या जमिनींचे खटले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे तत्त्व नवे नाही. कायद्याच्या दृष्टीने मालक देव. महाजन, मुकादम, सेवेकरी हे व्यवस्था पाहणारे. कोणी नवी पायरी बसवतो, कोणी दीपमाळेचा जीर्णोद्धार करतो. त्याचे नाव दगडावर कोरले जाते आणि ते योग्यच आहे. नाव वाचून पुढच्या पिढीला कृतज्ञता वाटते आणि आपणही काही करावे असे वाटते. परंतु पायरीवर नाव कोरले म्हणून पायरी चढणाऱ्यांना कायमचे अडवण्याचा अधिकार कोणासही मिळत नाही. परीक्षकाने, कायदा करणाऱ्याने आणि शोध लावणाऱ्यानेही एवढे ध्यानात ठेवले, तर शोध लागला की लावला या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच वेळा आपोआप सुटेल. ज्ञानाचे देऊळ सर्वांचे. पायरी मात्र ज्याने घडवली त्याच्या नावाची.